चिठ्ठ्या

गुलू. फेब्रुवारीची धूळ खिडकीच्या जाळीत अडकलेली.
टेबलावर टवका उडालेलं इनॅमलचं वाडगं,
त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.
खटला काल्पनिक. देश काल्पनिक.
नदीलाही मी नाव दिलेलं नाही.
आरोपी: एका तुकडीचा म्होरक्या,
नवव्या वर्षी शाळेतून पळवून नेलेला,
एकोणिसाव्या वर्षी त्यानेच पेटवलं एक गाव.

बारा वर्षं मी हेच शिकवते आहे:
लढणारा कोण, न लढणारा कोण,
शस्त्र खाली ठेवलेल्या माणसावर
हात का उचलायचा नाही.
मुलं वहीत दोन रकाने आखतात.
पट्टी सरकते, रेघ वाकडी जाते,
मग खोडरबर मागत फिरतात वर्गभर.

फिर्यादीचा वकील निघाला ओजारा.
तिशी ओलांडलेला, शेवटच्या बाकावरचा.
त्याच्या प्रवेशअर्जात सहा वर्षांची जागा कोरी आहे.
मी कधी विचारलं नाही.
उसना काळा झगा त्याला गुडघ्यापर्यंतच आला,
डांबराच्या गोळ्यांचा वास सगळीकडे.

आरोपी झालेली आचिरो, एकोणीस वर्षांची.
युद्ध तिने ऐकलंय ते आईच्या गप्प बसण्यातून.
ओजारा तिच्यापुढे उभा राहिला, कागद उलटा धरून.
"पहिल्या रात्री," त्याने विचारलं,
"तुमच्या डोक्यावर ओझं किती होतं?"

आचिरोने पानं चाळली. पुढून, मागून.
"हे खटल्याच्या कागदांत नाही."

"अर्धं पोतं भुईमूग," तो म्हणाला. "ओला.
लिहून घ्या."

न्यायाधीश लालाम चष्मा सावरत म्हणाली,
"वकीलसाहेब, हा प्रश्न गुन्हा शाबित करायला,
की शिक्षा कमी करायला?"
"ते मला माहीत नाही.
गाव पेटलं, आत माणसं होती, हेही लिहा.
एकाच पानावर लिहा."

गुणपत्रिकेत एक ओळ असते:
नोंदीबाहेरचा प्रश्न, दोन गुण वजा.
तांबड्या पेनाचं टोपण काढून
मी कितीतरी वेळ नुसती बसले.

वर्ग पांगला. आचिरो वाडगं पुसायला थांबली.
"मॅडम, आम्ही चिठ्ठ्या बदलल्या.
आरोपी त्याला निघाला होता.
घडी उघडली आणि हातच थरथरायला लागला,
म्हणून मी माझी पुढे केली.
बोलला काहीच नाही."

मग तिने वाडगं पालथं करून आपटलं.
तळाला चिकटलेली एक चिठ्ठी पडली,
कुणीच न उचललेली.
अक्षर माझंच होतं:
साक्षीदार.