चालेल

सीबच्या बाजारामागे, बँकेच्या वळणावर
जूनमध्ये बसवल्या आम्ही पिवळ्या लाद्या.
दुपारी काम बंद, म्हणून रात्री,
हॅलोजनखाली, घामाने थापी निसटत.

नियम दोनच.
लांब रेघा म्हणजे चालत राहा.
गोल फोड म्हणजे थांब, पुढे रस्ता आहे.
वर्गीस फोरमनने हे बुटाच्या टाचेने दाखवलं
आणि फोनवर बोलत निघून गेला.
कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. गवंड्याला लेव्हल कळली की झालं.

मग एका संध्याकाळी तो आला.
पांढरी काठी, कडक इस्त्रीची दिशदाशा,
अत्तर त्याच्याआधी वळणावर पोचलेलं.
काठीचं टोक रेघांतून असं फिरत होतं
जशी तांदळातून फिरतात खडा शोधणारी बोटं.

आणि खडा सापडला.

शेवटच्या लादीवर तो अडला.
पुढून पाण्याचा टँकर गेला,
त्याच्या वाऱ्याने दिशदाशा पायांना चिकटली.
काठी दोनदा आपटून,
माझ्या सिमेंटच्या वासाकडे तोंड करून म्हणाला,
"ये पत्थर झूठ बोलता."

रेघा होत्या तिथे. फोड हवे होते.
माझाच हात. पहाटेचे तीन, पेटीत उरलेली एकच लादी,
चालेल, म्हणून ठोकलेली.
चालेल.

नाव विचारलं त्याने. खलफे, म्हटलं, दापोलीकडचा.
"मैं खल्फान," म्हणाला आणि हसला,
जणू आमच्यात लांबचं काही नातं निघालं.

वर्गीस म्हणाला, फोटो पास झालाय, हात लावू नकोस.
शुक्रवारी रात्री गेलो. छिन्नी, अर्धी गोणी माल,
दुसऱ्या साइटवरून उचललेली फोडांची लादी.
जुनी निघता निघेना. मीच बसवलेली ना.

नवी बसवण्याआधी बूट काढून तिच्यावर उभा राहिलो,
डोळे मिटून. दिवसभराचं ऊन अजून होतं तिच्यात.
गावी अमावास्येला विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्या
अशाच मोजायचो तळपायाने. सातवी तुटकी.

माल धरायला रात्र जाते.
कडेला पालथ्या बादलीवर बसून राहिलो.
फजरच्या आधी काठी ऐकू आली,
रेघेरेघेने जवळ येणारी.
ओल्या लादीवर अजून पाय पडायला नको होता,
म्हणून उठलो, आडवा हात धरला
आणि म्हणालो, थांबा.

मराठीतच.
तो थांबला.