टेकाड नंबर एकशे बेचाळीस

आली गावात टेकाडं घरांत घुसलीत
की घरं टेकाडांत, ते मोजणीवाल्याला विचारू नये.
रस्ता रुंद होणार आहे.
त्यात कोण कोण येतं तेवढं लिहायचं.

एकशे एकेचाळीस : माथ्यावर शेळ्या, पायथ्याशी पाण्याची टाकी.
एकशे बेचाळीस : पोटात हाजी मकीची भट्टी.
चार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा मढ्याच्या भिंतीला
पाठ लावून त्याची मडकी भाजतात.
"ही माती ऊब सोडत नाही," तो मोडक्या हिंदीत सांगतो,
आणि हात माझ्याच पँटला पुसतो.

वाकून आत गेलो.
दगडी खोली. डोक्याकडे दोन कोनाडे, दोन्ही रिकामे;
चोर आपल्या फार आधी येऊन गेले.
इथे माणसाला ताठ निजवत नसत म्हणे.
उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हात तोंडापुढे.
मी कॅम्पात असाच झोपतो.
पलंग पाच फूट दहा, मी सहा फूट एक.

खालच्या बंकवर लवू मेस्त्री असायचा.
मार्चमध्ये गेला, रात्रपाळीहून येऊन, बूट न काढता.
त्याचं माप कुणी घेतलं नाही, पेटी ठरलेल्या मापाचीच असते.
वजन केलं.
पावतीवर एकशे एकवीस किलो, पेटीसकट.
अकरा दिवस कागद फिरले, मग तो कार्गोतून आकेरीला गेला.
इथे त्याचा तवा राहिला.
भाकरी अजून त्याच्यावरच होते, एका बाजूला करपते.

बाहेर आलो तर टेकाडाच्या कडेला
चिकटून एक दगडांचं कडं, बुट्टीएवढं.
टेप धरली : सत्तर सेंटिमीटर.
"पोर," मकी म्हणाला.
"मोठ्याच्या अंगाला लावून ठेवायचे.
एकटं कसं राहणार?"
हे शास्त्र की त्याच्या घरातलं काही, मी विचारलं नाही.
तो भट्टीत खजुरीच्या झावळ्या कोंबत होता
आणि बराच वेळ वळला नाही.

रजिस्टरात पोरांचा रकाना नाही.
एकशे त्रेचाळीस द्यावा तर पुढचे सगळे आकडे सरकतात.
म्हणून एकशे बेचाळीसच्या पुढे 'अ' लिहिला.
आपला अ. हात तिकडेच गेला.
साहेब विचारेल, हे काय चित्र काढलंस.
पण शाईचं आहे,
खोडायचं तर अख्खं पान परत लिहावं लागेल.