दुसरा ठसा

बोरा बाजारात, जिन्याखालच्या दुकानात
हातिमभाई मामाजीवाला काळ्या मखमलीवर
चांदीचं एक नाणं ठेवतात, नखाएवढं,
आणि दिवा खाली ओढतात.

बाबा चष्मा कपाळावर सरकवतात.
टांकसाळीत छत्तीस वर्षं प्रेसवर होते,
डावा कान तिथेच ठेवून आले.

हातिमभाई उजव्या कानाशी वाकून बोलतात:
हा बघा भुवडसाहेब, क्षत्रपाचा चेहरा.
नाक, गाल, कडेनं यवनांची अक्षरं.
मग सातवाहन राजा आला, क्षत्रप पडला,
तिजोऱ्या हाती लागल्या.
राजानं नाणी वितळवली नाहीत.
त्याच चेहऱ्यावर आपला डोंगर ठोकला,
कमानींचा, खाली नदीची वळवळ.

कोळसा वाचवला, म्हणतात बाबा.

मग राज्य कुठून कुठवर, ते हातानं दाखवणं:
वजनकाट्यापासून गल्ल्यापर्यंत दख्खन,
पंख्याच्या अंगाला नाणेघाट,
तिथे दगडी रांजण, जकातीचा म्हणतात,
बैलांच्या पाठीवरून उतरणारं कापड, हस्तिदंत,
आणि दाराशी, आम्ही चपला काढल्या तिथे,
कल्याण, सोपारा,
गलबतांतून येणारे दारूचे कुंभ, रोमचं सोनं.
त्याच्या घोड्यांनी म्हणे तीन समुद्रांचं पाणी प्यायलं.
नाशिकच्या लेण्यात कोरलंय तसं,
त्याच्या आईनं कोरवून घेतलंय.

घोडा खारं पाणी पीत नाही, म्हणतात बाबा,
चौपाटीवरच्याला विचारा.
आईला काय,
मुलाचं सगळंच पाणी गोड.

मी भिंग धरते.
बाबा राजाची खूण बघत नाहीत, क्षत्रपाचं नाकही नाही.
ते कड बघतात.
ठसा सरकलाय. डोंगर कलला.
आमच्याकडे असा पीस थेट भंगारात,
वर शिफ्टच्या वहीत लाल शाई.
हे संध्याकाळचं काम आहे बघ.
सकाळी माणूस सरळ मारतो.

किती पाडली अशी?
एकाच ठेव्यात नऊ हजारांवर निघाली, म्हणतात हातिमभाई.
बाबांचे ओठ हलतात, भागाकार चालू होतो:
एक ऐरण, दोन माणसं,
एक मारणारा, एक धरणारा.
धरणाऱ्याची बोटं, म्हणतात
आणि पुढे काही बोलत नाहीत.

किंमत मी विचारते. माझे दोन पगार.
बाबा खिशातून स्वतःचं काढून
मखमलीवर ठेवतात, त्या चांदीला खेटून:
चाराणे, गेंड्याचे, सालाखाली बारीकसा हिरा.

दोन हजार अकराच्या जूनअखेर चाराणे रद्द झाले.
डालड्याच्या डब्यातले त्यांनी जमिनीवर ओतले,
मोजले, परत भरले,
त्या रात्री जेवले नाहीत.
कुठली लढाई झाली नव्हती.
कुणी हरलं नव्हतं.
वरून नवा ठसा मारण्याइतकीही
कुणाला गरज वाटली नव्हती.

हातिमभाई भिंग घेतात.
चाराण्याकडे तेवढाच वेळ बघतात,
जेवढा चांदीकडे बघितला असता.
ठसा मधोमध आहे, म्हणतात.
आहेच, म्हणतात बाबा,
आणि नाणं खिशात टाकतात.

आम्ही फोर्टातून चालत निघतो.
छत्तीस वर्षं पैसे पाडले या माणसानं,
आणि सुटताना रोज झडती दिली.
टांकसाळीचं फाटक येतं.
बाबा माझ्याशी काहीतरी बोलत असतात,
बहुतेक त्या नदीबद्दल,
नाण्याच्या तळाशी होती ती, तिचं नाव काय असेल,
आणि बोलता बोलता
दोन्ही हात त्यांच्या नकळत
खांद्यापर्यंत वर जातात.