वापराचा उद्देश

सामचॉकच्या पोलीस ठाण्यात, दुसऱ्या खिडकीपाशी
मी तलवार नावावर करायचा अर्ज भरते आहे.
पात्याची लांबी : चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.
वजन : म्यानाविना, किलोला थोडं कमी.
आधीचा मालक : प्यो मानसॉक, वय एक्क्याऐंशी, मयत.
इथवर हात अडत नाही.
मग येतो तो रकाना : वापराचा उद्देश.
एवढुसा. आगपेटीच्या काडीएवढा.

खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘सराव’ लिहा, मावशी,
सगळे तेच लिहितात.

जाळी विणायच्या दुकानावर त्यांचा आखाडा होता,
जिन्यात सुकत्या माकुळांचा वास.
पहिलं वर्षभर त्यांनी माझ्या हातात दिलं फडकं.
दुसऱ्या वर्षी लाकूड : ओकची तलवार,
जिच्या मुठीवर आधीच्या कितीकांचा घाम काळा पडलेला.
‘मार’ असं ते कधी म्हणाले नाहीत.
म्हणायचे, ‘खांदे सोड. मासळीची पाटी नाहीये ती.’
मी बंदरावरून पहाटेच्या पाट्या उचलूनच यायचे.
त्यांना ते ठाऊक होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात, किमची घालायच्या दिवसांत,
गुरुजी नाहीत असं बघून
गीचानने खरी तलवार उपसली
आणि हवेत उडवलेला मुळा
खाली येता येता दोन केला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
मुळा मीच उडवला होता.

ते दारात उभे होते. ओरडले नाहीत.
दोन्ही फोडी उचलल्या, धुतल्या,
एक गीचानला दिली, एक मला.
‘कापलंय, तर खा.’
उभ्या उभ्या खाल्ला, कच्चा, तिखट, नाकातून पाणी येईस्तोवर.
मग रात्रभर पातं पुसायला बसवलं :
पातळ कागद, लवंगेचं तेल,
मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने,
श्वास बाजूला वळवून.
तरी मुळ्याचा रस आपलं काम करून गेला होता.
पात्यावर राहिला एक डाग, तिळाएवढा.
तो त्यांनी कधी घासू दिला नाही.
नवा कुणी आला की आधी तो दाखवायचे,
नाव न घेता,
आणि मी खिडकीबाहेर बघायचे.

शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले.
उपसणं जमायचं. उपसणं कुणालाही जमतं.
म्यान करताना टोक म्यानाचं तोंड शोधत
अंगठ्याच्या बेचक्यात फिरत राहायचं,
काळोखात कुलूप चाचपणाऱ्या किल्लीसारखं.
एक दिवस रक्त आलं, थोडंसं.
त्यांनी ते बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचं.
म्हणाले, ‘इकडे ये. म्यान धर.’

मी धरलं. त्यांनी टोक आणलं.
पातं आम्हा दोघांच्या मधून
हळूहळू आत गेलं, तिळासकट,
आणि शेवटी तो बारीक आवाज,
डबी मिटल्यासारखा.
त्यानंतर ती बाहेर आली ती फक्त पुसायला.

‘मावशी, मागे लोक आहेत.’
मागे एकच म्हातारा आहे, हरवलेल्या पाकिटासाठी आलेला,
आणि त्याला मुळीच घाई नाही.
मी लिहिते : पुसणे.
बारीक अक्षरात अजून एक मावतं : म्यान करणे.

पोरगा वाचतो. मान खाजवतो.
‘आणि कापणं?’
‘एकदा,’ मी म्हणते. ‘मुळा.’
तो हसत नाही. शिक्का उमटतो, जरा तिरपा.

बसमध्ये शेजारची बाई
माझ्या मांडीवरचं लांब गाठोडं बघते,
विचारते, गळाला काही लागलं का आज?
नाही, मी म्हणते,
आणि वळणावर बस कलते तेव्हा
कापडाच्या आत हात घालून
अंगठा परजेवर दाबून धरते.