भाग एकशे बारा

पुराच्या सीनला चिखल मीच लावला.
मुलतानी माती, चहाची पूड, थोडा डिंक.
चाळीस लुगडी, सव्वीस धोतरं
आणि एक झबलं, जे कुणी घालणार नव्हतं,
नुसतं बाभळीला अडकवायचं होतं.

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
थर्माकोलचं धरण फुटून आठ दिवस झाले होते,
म्हणजे गोष्टीत.
आठही दिवस राजा महालातच.
चार भाग तो गच्चीवर फिरतो,
दिवाण कागद आणतो, राणी ताट परत पाठवते,
झुंबराखाली उभा राहून तो म्हणतो,
"राजाला रडायला एकांत लागतो, दिवाणजी."
वाक्य चांगलंय.
माझ्या भाचीनं त्याच्यावर रील केलं.

बुटांवरनं वाद झाला.
मी म्हटलं, सर, त्या वाटेनं घोडा जाणार नाही,
घोट्यापर्यंत चिखल पाहिजे.
सर म्हणाले, आनंदा, राजा आहे तो.
मी पॉलिश आणलं.

तसं मला घोट्याचं कुठं माहीत होतं,
छातीचं माहीत होतं.
कुंभार गल्लीत आमच्या भिंतीवर रेघ आहे,
दर दिवाळीला चुना मारतो, दर वैशाखात वर येते.
त्या साली मांडणीवरच्या एकशे दहा मूर्ती विरघळल्या,
आधी सोंडा, मग हात,
पोटं शेवटपर्यंत तग धरून होती.
आठवडाभर पाण्याला शाडूचा रंग.
तेव्हा आम्हालाही भेटायला आलं होतं कुणी कुणी.
कोण ते सांगत नाही.
बूट कोरडे होते.

मालन सुतार आंबेवाडीची.
दिवसाला सहाशे आणि जेवण.
तिला नुसतं गुडघ्यावर बसायचं होतं.
राजा येणार, तिच्या डोक्यावर हात ठेवणार,
मग डाव्या डोळ्यातनं ग्लिसरीनचा एक थेंब,
कॅमेरा त्याच बाजूला.
तो खरंच रडला का, हे कुठल्या दप्तरात नाही,
लेखक म्हणाले,
म्हणून एकच ठेवू.

राजा आला. हात ठेवला.
आणि मालन वर बघून म्हणाली,
"एवढा उशीर का केलासा?"

हे कुठल्या कागदावर नव्हतं.
राजाकडं उत्तर नव्हतं,
म्हणजे त्या पोराकडं. चिंचवडचा, गुणी पोरगा,
दुपारी आमच्यातच मांडी घालून भडंग खाल्लेला.
त्यानं तोंड उघडलं. मिटलं.
मान खाली घातली आणि बघत राहिला
स्वतःच्याच बुटांकडं.
थेंब गळायचा तो गळलाच नाही.

कट.
असिस्टंट धावला. बाई, तुम्हाला बोलायचं नाहीये,
बोललात की रेट बदलतो.
चुकलं, म्हणाली मालन,
आणि पदराची माती झटकायला लागली.
मी म्हटलं, झटकू नको गं, कंटिन्युइटी आहे.
एवढंच म्हटलं मी. दुसरं काही सुचलं नाही.

मग सात टेक झाले.
सातही वेळा थेंब वेळेवर आला.
लावला मात्र पहिलाच.

शनिवारी रात्री नऊला तिच्या घरी गेलो.
सोप्यात बसायला जागा नाही, चपला पार बोळापर्यंत.
राजा हात ठेवतो. सारंगी सुरू होते.
राजाची मान हळूहळू खाली जाते,
आणि अख्खी गल्ली गप्प.
कुणीतरी डोळे पुसत म्हणालं,
काय काम केलंय गड्यानं!
न रडता रडला.
राजा असावा तर असा.

पडद्यावर मालनचे ओठ हलत होते,
आवाजाच्या जागी सारंगी.

नातीनं विचारलं,
आज्जी, तू काय म्हणालीस गं तिथं?

"काय न्हाई," मालन म्हणाली,
"पाणी मागत हुते."