जुन्या ताण्याचं टोक

निंगव्वा आली तेव्हा एक पिशवी,
पिशवीत दोन फ्रॉक आणि उसवलेली कौदी.
मी म्हटलं वाकळ, ती म्हणाली कौदी.
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आई दवाखान्यात आहे,
किती दिवस ते सांगता येत नाही.
तोवर तुम्ही.

तोवर.
बराच वेळ चघळला मी हा शब्द.

रात्री कौदीत तोंड खुपसून ती म्हणाली, "हसिवु."
मला वाटलं, हसू येतंय हिला.
मीही हसले.
पलीकडून मल्लव्वा ओरडली,
"अगं, भूक लागलीय पोरीला!"
त्या हसण्याची लाज अजून गेली नाही.

वडगावात आमची गल्ली मागांची,
खटखट थांबली तर झोपमोड होते.
शेजारणी म्हणाल्या, नाव बदल, नंदिनी ठेव,
लहान आहे, विसरंल सगळं.
विसरंल, म्हणजे बरी होईल, अशा सुरात.

चौतीस वर्षं माग चालवते मी.
साडी उतरली तरी ताण्याचं टोक
कुणी काढून टाकत नाही.
फणीत राहू देतात तसंच,
नवी एकेक तार त्याला सांधतात.
ते टोक हरवलं तर पुन्हा पहिल्यापासून ओवा,
हजारो तारा, डोळे जातात.

हे काही मी शेजारणींना सांगितलं नाही.
नुसतं म्हटलं, निंगव्वाच.

दुसऱ्या शनिवारी यमकनमर्डीला जातो, तिच्या अज्जाकडे.
स्टँडवरच्या पाट्या कानडी.
जन्म इथंच गेला, पण ती अक्षरं शिकले नाही,
हट्टानं म्हणा.
आता ती बोट नाचवत वाचते, य, म, क,
आणि पदर ओढते माझा, "बा, बा."
मी जाते तिच्यामागून.

अज्जा फारसं बोलत नाही.
बंडीच्या खिशातून फुटाणे काढतो, फोन लावतो.
ती अव्वाशी भराभरा बोलते,
मी बाहेर कट्ट्यावर.
मधेच माझं नाव येतं, इंदुमावशी,
पुढचं कळत नाही.
विचारत नाही मी.

काल कौदी शिवायला घेतली.
हिरवा तुकडा अव्वाच्या साडीचा,
खाकी अज्जाच्या शर्टाचा.
एक कोपरा रिकामा आहे, तो राहू दे.
टाके मोजत होते, तिच्याकडून शिकलेले,
ओंदु, एरडु, मूरू...
एळुवर अडकले.

माझ्या मांडीवर, झोपेतच,
ती म्हणाली, "एंटु."