मुट्टब्याड

सहा वाजून बारा मिनिटांनी सावळज फीडर उडाला.
लॉगशीटवर मी लिहिलं : वारा, गारा, ट्रिप.
रकाना लहान असतो.

खिडकीबाहेर निलगिरी जमिनीला टेकून परत उठत होती
आणि कुणाच्या तरी शेडची हिरवी जाळी, चांगली वीसेक हात,
आमच्या यार्डाच्या कुंपणाला येऊन बिलगली
चुकलेली म्हैस ओळखीच्या गोठ्याला बिलगते तशी.
मी तिला सोडवायला गेले नाही.
आतून कडी घातली. मोबाईलचा चार्ज पाहिला : एकतीस टक्के.

मग फोन सुरू झाले.
लाईट कधी येणार.
लाईट कधी येणार.
मॅच चाललीया, मॅडम.
एकाला म्हटलं, पत्रा उडतोय त्या बाजूला जाऊ नका.
तो म्हणाला, पत्रा उडून झाला,
आता कुठल्या बाजूला जाऊ नको ते सांगा.
शाळेत जा, म्हटलं, स्लॅबखाली. झाडाखाली नको.
म्हातारीला उचलून न्या, चालवत नेऊ नका, पाण्यात काय पडलंय दिसत नाही.

सात वाजता झांबऱ्यांच्या बेदाणा शेडवरनं एक पोरगा.
शेड आडवं झालंय. बाया आत हायत. वर तार पडलीया.
किती बाया?
नऊ. न्हाई, धा.
हात लावलास?
न्हाई.
लावू नको. कुणाला लावू देऊ नको.
पण लाईट गेलीया की.
गेलीय हे मला माहीत आहे रे,
तारेला माहीत आहे का, ते सांगता येत नाही.
त्याच्या पाठीमागं काहीतरी घरघरत होतं.
जनरेटर?
मालकांनी लावलाय, उजेडाला.
आधी तो बंद कर. पळ.
उजेड नको!

असं मी म्हणाले,
जिचा पगारच उजेडाचा.

घरघर थांबली. अंधारात पोरगा नुसता श्वास घेत होता.
मॅडम, त्यांना मराठी येत न्हाई. अथणीकडच्या हायत.
एकजण पत्र्यावरनं बाहेर याया बघतीया.

माझं माहेर उमदी.
शाळेच्या पटांगणात आम्ही दोन्ही भाषांत भांडायचो,
मग लग्न झालं, तासगाव आलं,
बारा वर्षं तिकडची भाषा जिभेखाली पडून राहिली.
स्पीकरवर टाक, म्हटलं. जवळ जाऊ नको. हात उंच धर.
आणि रिकाम्या सबस्टेशनात, एकटी, ओरडले :
मुट्टब्याड!
अल्ले निंद्र!
हात लावू नको, तिथंच थांब.
माझ्या आवाजानं कंट्रोल पॅनेलची काच किणकिणली.

बराच वेळ नुसता पाऊस.
मग आतून एक बाई, कानडीत :
कोण गं तू?
मी म्हटलं, लाईटवाली.

दस्तगीर मुलाणी सात किलोमीटर यायला दीड तास लागला.
तीन ठिकाणी बाभळी तोडल्या, एका ओढ्याशी मोटरसायकल सोडली.
त्यानं तार तपासली, अर्थिंग केलं, मग फोन केला :
मेली आहे. घेतो बाहेर.
मेली म्हणजे तार, हे कळायला मला एक क्षण लागला.
तो क्षण लॉगशीटवर नाही.

दहाच्या दहा. एकीचा हात मोडलेला.
ॲम्ब्युलन्स मणेराजुरीच्या अलीकडं झाडानं अडवलेली,
म्हणून द्राक्षाच्या क्रेटांवर गोधडी टाकून
ट्रॅक्टरनं नेलं तिला.

एक चाळीसला फीडर चार्ज केला. तो फाटा तेवढा तोडून ठेवला.

पहाटे त्याच नंबरवरनं मिस्ड कॉल.
मी लावला.
मागं बायका चिखलातनं बेदाणे वेचत होत्या बहुतेक,
डबे वाजत होते.
शिवलिंगव्वा, म्हणाली ती. नाव सांगितलं आधी.
तिचं बोचकं त्या पत्र्याखाली होतं,
दोन लुगडी, पोरीचा शाळेचा दाखला.
दिसतंय, म्हणाली. कोपरा दिसतोय.
आता हात लावू का?

थांब, म्हटलं,
दस्तगीरला विचारून सांगते.
आणि विचारलं.